बुरशीवरचा उतारा मातीतच : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात घरच्या खतखड्ड्याविषयी लिहिताना, ‘पेनिसिलीन बुरशीपासून मिळते, तर बुरशीवरची कित्येक औषधे मातीतल्या जिवाणूंपासून मिळतात,’ असे एक वाक्य ओघात लिहून गेलो होतो. खताविषयी आली नाहीत इतकी पत्रे त्या एका वाक्यावर आली. त्यांतील सहा पत्रे येथे घेतली आहेत. एकाच मुद्द्याची पत्रे एकत्र केली असून लांबलचक पत्रांना, पत्रलेखकांची क्षमा मागून, कात्री लावली आहे.

प्रश्न : २०२१ च्या मे महिन्यात, करोनातून उठल्यावर, माझ्या यजमानांना काळ्या बुरशीचा आजार झाला. रोज एक पिवळसर औषधाची बाटली काळ्या कागदात गुंडाळून लावत असत. औषध चढू लागले की त्यांना हुडहुडी भरे. मूत्रपिंडाची तपासणी सारखी चालू असे. ते औषध मातीतल्या जिवाणूंपासून मिळते हे आपल्या लेखावरून ताडले. मातीतून मिळणारे औषध नैसर्गिक असणार. मग ते इतके उग्र कसे?
— एक वाचिका, रामबाग, इंदूर

उत्तर : आपल्या यजमानांना दिलेले औषध अँफोटेरिसिन-बी हे असणार. दक्षिण अमेरिकेतील व्हेनेझुएला देशात, ओरिनोको नदीच्या परिसरातून आणलेल्या मातीत स्ट्रेप्टोमायसिस नोडोसस नावाचा जिवाणू सापडला आणि १९५५ च्या सुमारास त्याच्यापासून हे द्रव्य वेगळे करण्यात आले. आज ते कारखान्यातील मोठ्या टाक्यांत होते, तरीही ते घडवतो जिवाणूच.

आता उग्रपणाविषयी. प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचा एक पातळ पापुद्रा असतो आणि तो घट्ट राहावा म्हणून त्यात एक विशिष्ट रेणू बसवलेला असतो. आपल्या पेशींत तो कोलेस्टेरॉलचा असतो, बुरशीच्या पेशींत एर्गोस्टेरॉलचा. अँफोटेरिसिनचा रेणू अडतीस अणूंच्या कड्याचा असून त्याची एक बाजू पाण्याला धरते, तर दुसरी पाण्यापासून पळते. असे कितीतरी रेणू एकत्र येऊन बुरशीच्या पापुद्र्याला भोके पाडतात आणि आतले पोटॅशियम गळून जाते, असे पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षे शिकवले गेले, आणि मीही तेच शिकवले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी त्यात भर घातली, ती अशी की हे रेणू पापुद्र्याच्या बाहेरच्या अंगाला थर करून बसतात आणि स्पंजाने पाणी शोषावे तसे एर्गोस्टेरॉल ओढून घेतात. त्याच्यावाचून बुरशी जगत नाही.

अडचण अशी की एर्गोस्टेरॉल आणि कोलेस्टेरॉल ही जवळजवळ भावंडेच आहेत. औषधाची पकड एर्गोस्टेरॉलवर अधिक घट्ट असते, परंतु कोलेस्टेरॉलला ते अगदीच ओळखत नाही असे नाही, आणि त्या ओळखीची झळ सर्वांत आधी मूत्रपिंडाला लागते. मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिका पोटॅशियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवू शकत नाहीत, म्हणून ती वारंवार तपासणी. हुडहुडीचे कारण निराळे आहे. हे द्रव्य रक्तात आले की आपल्या संरक्षक पेशी त्याला आक्रमण समजून ताप आणणारी संदेशद्रव्ये सोडतात. रेणूत ओळीने असलेल्या सात दुहेरी बंधांमुळे औषधाला पिवळा रंग येतो. प्रकाशाने ते बिघडू नये म्हणून तो काळा कागद. आणखी एक गोष्ट कदाचित आपल्या लक्षात आली नसेल. बाटलीत नेहमीचे खारे सलाइन नसून ग्लुकोजचे पाणी असते, कारण मिठाच्या पाण्यात या औषधाचा साका होतो.

स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म गोळ्यांत गुंडाळलेले, म्हणजे लायपोसोमल, अँफोटेरिसिन मूत्रपिंडाला पुष्कळ कमी त्रास देते. त्या वर्षी देशभर टंचाई झाली ती मुख्यतः याच प्रकाराची. चिठ्ठी हातात घेऊन दुकानामागून दुकान पालथे घालणारी माणसे इंदूरकर विसरलेले नाहीत. २० मे २०२१ रोजी केंद्राने राज्यांना हा आजार नोंद बंधनकारक असलेल्या रोगांत धरण्यास सांगितले, ते त्याच दिवसांतले. जाता जाता सांगतो, ती बुरशी मुळात काळी नसते. ती रक्तवाहिन्यांत शिरून रक्तप्रवाह अडवते आणि रक्तावाचून मेलेला भाग काळा पडतो.

‘नैसर्गिक’ या शब्दाविषयी माझे मत रोखठोक आहे. जिवाणूने हे द्रव्य स्वतःसाठी, मातीतल्या कणभर जागेपुरते आणि अत्यल्प प्रमाणात बनवले. माणसाच्या मूत्रपिंडाचा विचार त्याने करावा अशी अपेक्षा आपण का ठेवावी?

प्रश्न : अशा औषधांपैकी पहिले कोणी शोधले? त्यात भारतीयांचा काही वाटा आहे काय?
— एक निवृत्त शिक्षक, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : माणसाला सुरक्षितपणे देता येईल असे या जातीचे पहिले औषध म्हणजे निस्टॅटिन. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य विभागात काम करणाऱ्या एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोघींनी ते शोधले. हेझनबाई न्यूयॉर्क शहरात मातीच्या नमुन्यांतून जिवाणू वाढवत आणि त्यांतला कोणता बुरशीला मारतो ते पाहत. जो मारी, त्याची बरणी टपालाने ऑल्बनी शहरी ब्राउनबाईंकडे जाई. त्या रसायनतज्ज्ञ होत्या. त्या बरणीतून नेमके द्रव्य वेगळे करून परत टपालानेच पाठवत आणि मग हेझनबाई ते उंदरांवर तपासत. बहुतेक द्रव्ये बुरशीबरोबर उंदरालाही मारीत. अखेर व्हर्जिनिया राज्यातील नूर्स नावाच्या स्नेह्यांच्या गोठणाच्या कडेच्या मातीत हवा तो जिवाणू मिळाला. त्या स्नेह्यांवरून त्याला स्ट्रेप्टोमायसिस नूर्सी हे नाव दिले, तर औषधाला ‘न्यूयॉर्क स्टेट’ या शब्दांवरून निस्टॅटिन. १९५० मध्ये हा शोध जाहीर झाला. पेटंटपोटी पुढे एक कोटी तीस लाख डॉलरहून अधिक रक्कम मिळाली, आणि दोघींनी ती स्वतःकडे न घेता संशोधनासाठी दिली. १९६६ च्या पुरानंतर इटलीतील फ्लॉरेन्स शहरात भिजलेल्या चित्रांवर बुरशी चढू लागली तेव्हाही हेच औषध वापरले गेले. तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्यांवर ते आजही देतात. मात्र आतड्यांतून ते रक्तात जवळजवळ शोषले जात नाही, त्यामुळे शरीरात खोल गेलेल्या बुरशीवर गिळलेल्या निस्टॅटिनचा उपयोग नाही.

भारतीय वाट्याविषयी आपण विचारलेत हे फार बरे झाले, कारण ही हकिकत आपल्याच लोकांना ठाऊक नसते. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. पेनिसिलीन बनवणारा कारखाना एवढीच त्याची ओळख राहिली. परंतु तेथील संशोधन विभागात एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी मातीतले जिवाणू चाळत होते. १९६१ मध्ये त्यांनी हॅमायसिन हे बुरशीनाशक द्रव्य प्रसिद्ध केले. त्याच्या नावात कारखान्याची इंग्रजी आद्याक्षरे आहेत, आणि ते बनवणाऱ्या जिवाणूचे नाव आहे स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना! जिवाणूंच्या लॅटिन नामावळीत पिंपरी जाऊन बसली आहे, हे पुण्याकडच्या पाहुण्यांना अवश्य सांगावे. १९६४ मध्ये तेथूनच ऑरिओफंजिन आले आणि ते पिकांच्या रोगांवर वापरण्यात आले. ही दोन्ही द्रव्ये अँफोटेरिसिनच्याच घराण्यातली, सात दुहेरी बंधांची.

प्रश्न : माझ्या गच्चीवरील खताच्या पिंपात, वरचा थर बाजूला केला की आत राख उधळल्यासारखे पांढरे दिसते. शेजारीण म्हणते, ही बुरशी, खत फेकून द्या. त्या खताला पहिल्या पावसासारखा वास येतो, तो कशाचा?
— एक वाचिका, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : फेकू नये. भिंग असेल तर सकाळच्या उन्हात तो पांढरा थर नीट पाहावा. भाकरीवरच्या बुरशीसारखा तो लोकरी आणि उंच नसतो. पानाच्या शिरांना आणि काडीला चिकटून बसलेले बारीक भुरकट जाळे दिसते आणि बोट लावले की त्याची पिठी होते. ढीग आतून तापलेला असतो त्या वितभर खोलीवर हे अधिक असते. धाग्याच्या रूपाने वाढणारे हे जिवाणू आहेत आणि त्यांच्या कुळाला ॲक्टिनोमायसिटीस म्हणतात. वर ज्याची नावे आली तो स्ट्रेप्टोमायसिस याच कुळातला. आपल्या शेजारणीला हसू नये, कारण शास्त्रज्ञांचीही हीच फसगत झाली होती. ‘मायसिस’ या ग्रीक शब्दाचा अर्थच बुरशी, आणि ती चूक नावात कायमची राहून गेली.

वास जिओस्मिन या द्रव्याचा. ते याच कुळातले जिवाणू बनवतात आणि आपले नाक त्याला विलक्षण तिखट आहे. लिटरभर पाण्यात अब्जांश ग्रॅमच्या काही पट असले तरी ते कळते. पहिल्या सरीचे थेंब कोरड्या मातीवर आपटले की ते बारीक तुषारांसह हवेत उडते आणि आपण मृद्गंध म्हणून सुखावतो. जिवाणूला त्याचा उपयोग काय, याचे एक उत्तर २०२० मध्ये मिळाले. मातीतले उड्या मारणारे पंखहीन किडे या वासाने ओढले जातात, जिवाणूंवर चरतात आणि त्यांचे बीजाणू अंगाला लावून दूर नेतात.

याच ठिकाणी, बुरशीनाशक द्रव्य जिवाणू का बनवतात, या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या तीन पत्रांचेही उत्तर देऊन टाकतो. स्ट्रेप्टोमायसिस खाणे मिळते तोवर मातीत धागे पसरत राहतो. खाणे संपत आले की तो आपलेच जुने धागे विरघळवून त्या रसावर नवे धागे वर उभारतो आणि त्यांच्या टोकांना बीजाणू धरतो. त्या वेळी जो रस सुटतो त्यावर शेजारच्या बुरशी आणि इतर जिवाणू टपलेले असतात. साधारण याच सुमारास विषारी द्रव्यांची निर्मिती वाढते, म्हणजे बिऱ्हाड हलवताना उघड्यावरच्या सामानाला राखण बसवावी तसे. हा बहुतेकांना पटलेला अर्थ आहे. अगदी अल्प प्रमाणात ही द्रव्ये परस्परांना इशारे देण्यासाठीही वापरली जात असावीत, असे मानणारे संशोधक आहेत आणि मला तेही पटते. स्वतःच्या विषाने जिवाणू का मरत नाही? निस्टॅटिन किंवा अँफोटेरिसिनच्या बाबतीत उत्तर सोपे आहे. त्याच्या पापुद्र्यात एर्गोस्टेरॉल नाहीच. जे जिवाणू इतर जिवाणूंना मारणारी द्रव्ये बनवतात, त्यांना मात्र स्वतःच्या बचावाची निराळी तजवीज करावी लागते.

इंदूरच्या वाचकांना एक आठवण द्यावीशी वाटते. १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी येथील संस्थेत काडीकचरा, शेण, मूत्रमाती आणि राख यांचे थर रचून खत करण्याची जी रीत बसवली, ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. त्या तापलेल्या ढिगांतही हीच मंडळी राबत होती. एक काळजी मात्र घ्यावी. सुके खत हलवताना त्याची धूळ नाकात जाऊ देऊ नये. पाणी शिंपडून, तोंडाला फडके बांधूनच ढीग उलटावा, कारण तापलेल्या ढिगातल्या या जिवाणूंचे बीजाणू श्वासावाटे वारंवार गेले तर फुप्फुसांना सूज येते.

प्रश्न : माझ्या हरभऱ्यात दरवर्षी उखटा येतो. दुकानदाराने ट्रायकोडर्मा, स्यूडोमोनास आणि स्ट्रेप्टोमायसिन अशा तीन पुड्या दिल्या आणि तिन्ही कालवून बियाण्याला लावा असे सांगितले. तसे करावे काय?
— एक शेतकरी वाचक, सांवेर

उत्तर : कृपा करून तसे करू नये. मालव्यात ज्याला उखटा म्हणतात तो मराठीतला मर रोग, आणि तो फ्युझेरियम बुरशीमुळे होतो. रोपाचे खोड उभे चिरले तर आत तपकिरी रेघ दिसते, तीच त्याची खूण. आता पुड्या पाहू. स्ट्रेप्टोमायसिन जिवाणूंना मारते. बुरशीला त्याने काहीही होत नाही, उलट दुसऱ्या पुडीतला स्यूडोमोनास हा जिवाणू असल्यामुळे तोच मरेल, आणि हरभऱ्याच्या गाठींसाठी लावलेले रायझोबियमही जाईल. म्हणजे आपण पैसे मोजून पैसेच मारणार. ट्रायकोडर्मा ही स्वतः बुरशी आहे, बुरशीला खाणारी बुरशी, त्यामुळे तिच्यासोबत कार्बेन्डाझिमसारखे रासायनिक बुरशीनाशक लावणे चुकीचे ठरते. स्यूडोमोनास जिवाणू तरी ट्रायकोडर्माचे लाड करील याची खात्री नाही, कारण त्याचे हत्यारच बुरशीविरुद्ध आहे. म्हणून दोन्ही वापरायचे असल्यास स्यूडोमोनास बियाण्याला लावावे आणि ट्रायकोडर्मा चांगल्या मुरलेल्या शेणखतात मिसळून जमिनीत द्यावे, असे मी सुचवीन.

प्रमाण किलोभर बियाण्याला दहा ग्रॅम. गुळाच्या थंड पाण्यात कालवून बियाण्यावर हलक्या हाताने चोळावे, सावलीत सुकवावे आणि त्याच दिवशी पेरावे. पुडीवरची अंतिम तारीख पाहिल्याशिवाय घेऊ नये आणि पत्र्याच्या खोलीत तापू देऊ नये. आत जिवंत वस्तू आहे, ती मेली की उरते ती नुसती शंखजिऱ्याची पूड.

स्यूडोमोनास मुळांवर वस्ती करतो आणि तेथे फेनाझिन, पायरोलनायट्रिन, डायॲसिटिलफ्लोरोग्लुसिनॉल अशी द्रव्ये सोडतो. शिवाय मातीतले लोह पकडणारे द्रव्य सोडून बुरशीची उपासमार करतो आणि झाडाची स्वतःची प्रतिकारशक्तीही जागी करतो. अमेरिकेच्या वायव्य भागात गव्हाचे मूळ कुजवणाऱ्या एका रोगाची गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. एकाच शेतात सतत गहू घेतला की रोग काही वर्षे वाढत जाई आणि मग, शेतकऱ्याने काहीही न करता, ओसरू लागे. शोध घेतला तेव्हा गव्हाच्या मुळांवर याच जिवाणूंची वस्ती वाढलेली आढळली. मुळाच्या एका ग्रॅमवर ती लाखाच्या घरात गेली की रोग आटोक्यात येई. यावरून हरभऱ्यावर हरभरा घेत राहावे असा अर्थ कोणी काढू नये. मर रोगाची बुरशी रिकाम्या जमिनीतही सहा वर्षांपर्यंत टिकते. पीक फेरपालट, उन्हाळ्यातील खोल नांगरट आणि मर सहन करणारे वाण यांना पुडी हा पर्याय नाही, ती त्यांच्या जोडीला आहे.

पायरोलनायट्रिन १९६४ मध्ये जपानी संशोधकांनी वेगळे केले. उन्हात ते टिकत नसे, म्हणून रसायनतज्ज्ञांनी त्याची रचना बदलून फ्लुडिओक्सोनिल हे बियाण्यावरचे बुरशीनाशक बनवले. तेव्हा रासायनिक औषधाच्या डब्यात कधी कधी जिवाणूचीच युक्ती भरलेली असते.

प्रश्न : मातीत बुरशीनाशक असते, तर गजकर्णावर शेतातली माती लावली तर चालेल काय?
— एक वाचक, महू

उत्तर : मुळीच चालणार नाही. मातीत औषध नगण्य असते आणि धनुर्वाताचे बीजाणू सहज असू शकतात. गजकर्णावर तर निस्टॅटिनचाही उपयोग होत नाही. त्यावरची औषधे वेगळी आहेत आणि स्टेरॉइड मिसळलेली मलमे, जी दुकानांतून सर्रास उचलली जातात, ती आजार दाबून पसरवतात. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

प्रश्न : गहू काढताना वडिलांच्या डोळ्यात कुसळ गेले आणि नंतर बुबुळावर पांढरा डाग पडला. डॉक्टरांनी दुधासारखे दिसणारे थेंब दिले आहेत. ते खराब तर झाले नसतील?
— एक वाचक, देवास

उत्तर : बुबुळाला बुरशी लागली असेल तर बहुधा ते नॅटामायसिन असावे. बाटलीवरचे नाव एकदा वाचून घ्यावे. हेही मातीतलेच. दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांतात, पीटरमारित्झबर्गजवळच्या मातीतील जिवाणूपासून ते १९५५ मध्ये मिळाले, आणि युरोपात चीजच्या सालीवर बुरशी येऊ नये म्हणूनही तेच लावतात. ते एर्गोस्टेरॉलला धरते, मात्र पापुद्र्याला भोके पाडत नाही. पाण्यात ते विरघळत नसल्यामुळे थेंब दुधाळ दिसतात आणि उभ्या बाटलीत औषध तळाशी बसते. प्रत्येक वेळी बाटली चांगली हलवूनच थेंब घालावेत, नाहीतर वरचे नुसते पाणी डोळ्यात जाईल. घरात पूर्वीचे स्टेरॉइडचे थेंब पडलेले असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घालू नयेत, त्यांनी बुरशी फोफावते. उपचार कित्येक आठवडे चालतो, तेव्हा लाली गेली म्हणून थेंब मध्येच थांबवू नयेत.